शाळेचा हिशेब कोणी आणि कोणाला द्यावा?
(शालेय नेतृत्व व उत्तरदायित्व : एक ऐतिहासिक मागोवा)

सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा प्रसंग असतो, तसाच तो हिशेबाचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत देणगीदारांनी काय दिले, विश्वस्तांनी त्याचे काय केले, याची उजळणी अशा वेळी होते. पैशाच्या हिशेबाची सोय आपल्या राज्यात कायद्याने केलेली आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने, जो आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जातो, प्रत्येक नोंदणीकृत न्यासावर हिशेब ठेवण्याचे व तो तपासून घेण्याचे बंधन घातले. रुपया कोठून आला आणि कोठे गेला, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन पाहता येते.

परंतु न्यास जेव्हा शाळा चालवतो, तेव्हा त्याच्या हाती रुपयाहून मौल्यवान अशी एक ठेव येते. ती म्हणजे मुलांचे बालपण. पहिलीत आलेले मूल चौथीतून बाहेर पडताना वाचू शकते की नाही, गरीब घरातील मुलगी आठवीनंतर शाळेत टिकली की नाही, याची नोंद कोणत्या वहीत होते? ती वही कोण तपासतो? आणि तूट आढळली तर जाब कोणी द्यायचा? मुख्याध्यापकांनी, शिक्षकांनी, विश्वस्तांनी, शासनाने की पालकांनी? शिक्षण-सुधारणेच्या चर्चेत हा प्रश्न आज नव्याने विचारला जात आहे. तथापि तो नवा नाही. महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षे तो या ना त्या रूपात विचारला गेला आहे, आणि त्याला मिळालेली उत्तरे आपल्यासारख्या संस्थांना पुष्कळ काही शिकवून जातात. प्रस्तुत लेखात त्या उत्तरांचा थोडक्यात मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

निकाल पाहून अनुदान

१८५४ च्या वूड यांच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. अनुदान आले की तपासणी आलीच. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये १८६२ साली एक नवी नियमावली लागू झाली. निरीक्षकाने शाळेत जाऊन मुलांची वाचन, लेखन व अंकगणित या विषयांत परीक्षा घ्यावी आणि किती मुले उत्तीर्ण झाली त्या प्रमाणात शाळेला पैसे मिळावेत, अशी ती पद्धत होती. मुंबई इलाख्यातही अनुदानाच्या बाबतीत हीच रीत स्वीकारण्यात आली. वरवर पाहता व्यवहार चोख दिसत होता. काम दाखवा आणि दाम घ्या, एवढाच त्याचा अर्थ.

अनुभव मात्र निराळा आला. शिक्षकाचे सारे लक्ष निरीक्षक येण्याच्या दिवसाकडे लागले. पाठ्यपुस्तकातील ठरावीक उतारे मुलांकडून घोकून घेतले जाऊ लागले. जे मूल उत्तीर्ण होण्याची शक्यता कमी, त्याच्याकडे दुर्लक्ष करणे शाळेच्या फायद्याचे ठरू लागले. ज्या वस्तीत घरी अक्षराची ओळख नव्हती, तेथील शाळेला कमी पैसे मिळत, आणि पैसे कमी म्हणून ती शाळा आणखी दुबळी होत असे. स्वतः शाळा-निरीक्षक असलेले इंग्रज कवी मॅथ्यू आर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली होती. इंग्लंडने एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी तिचा त्याग केला. आपल्याकडेही लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतील १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानंतर ती मागे पडली. केवळ निकालावर बोट ठेवून शाळेला जबाबदार धरले, तर शाळा सुधारण्याऐवजी निकाल सजवला जातो, हा या प्रयोगाचा धडा होय.

महात्मा फुले यांचे निवेदन

या पद्धतीचे सर्वांत मर्मग्राही परीक्षण पुण्यातील एका अशा माणसाने केले, ज्याने स्वतः शाळा काढल्या व चालवल्या होत्या. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले लेखी निवेदन सादर केले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याने भरलेल्या करातून उच्चवर्गीयांचे शिक्षण चालते आणि त्याची स्वतःची मुले मात्र निरक्षर राहतात, ही त्यातील व्यथाही सर्वांना ठाऊक आहे. परंतु शाळेच्या उत्तरदायित्वाविषयी त्यात जो विचार आहे, त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

फुले तपासणीच्या विरोधात नव्हते. उलट, होत असलेली तपासणी अपुरी व सदोष आहे, अशी त्यांची तक्रार होती. ज्यांना खेड्यापाड्यांत 'दिपोटी' म्हणत, ते डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातात, त्याने काही साधत नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि कधी कधी आगाऊ वर्दी न देताही व्हावी, असे त्यांनी सुचविले. गावकामगार व जिल्ह्याचे अधिकारी यांच्यावर भिस्त ठेवू नये, कारण त्यांच्या मागे इतर कामांचा व्याप असतो आणि त्यांची परीक्षा वरवरची होते, हेही त्यांनी स्पष्टपणे नोंदविले.

मात्र त्याच निवेदनात त्यांनी दुसरी बाजूही तितक्याच आग्रहाने मांडली. शिक्षकांपैकी जास्तीत जास्त शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील. ते प्रशिक्षित असावेत. त्यांना दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे. मोठ्या गावांत ते १५ किंवा २० रुपये असावे. गावाच्या कारभारात, हिशेब-तपासणीसारख्या कामांत त्यांना स्थान द्यावे, म्हणजे त्यांची प्रतिष्ठा वाढेल. जो शिक्षक अधिक मुलांना उत्तीर्ण करील, त्याला पगाराव्यतिरिक्त काही उत्तेजनार्थ द्यावे. आणि निकालावर अनुदान देण्याची पद्धत? ती गरीब व अशिक्षित लोकांत शिक्षणाचा प्रसार करण्यास योग्य नाही, असा निःसंदिग्ध अभिप्राय त्यांनी दिला. कारण जेथे अद्याप शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही, तेथे त्या भरवशावर शाळा काढून कोणत्याही शिक्षकाचे पोट भरणार नाही.

या दोन बाजू परस्परविरोधी नाहीत, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. चांगल्या कामाबद्दल बक्षीस त्यांना मान्य होते. परंतु ते पुरेशा वेतनाच्या वर द्यावयाचे होते, वेतनाच्या जागी नव्हे. आधी शिक्षकाला पुरेसे द्या, त्याला मान द्या, तयार करा. आणि मग वर्दी न देता त्याच्या दारात जाऊन उभे राहा, असा हा क्रम आहे. जाब विचारण्याचा अधिकार आधी साधने पुरविणाऱ्याला मिळतो. दीडशे वर्षांनंतरही यापेक्षा नेमके सूत्र सापडणे कठीण आहे.

जबाबदारी पालकांची की राज्याची?

पुढच्या काळात हा भार पालक आणि राज्य यांच्यात वाटला गेला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तसेच विधेयक १९११ मध्ये मांडले. परंतु १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद केली. पालकाला दंड करण्याचा नैतिक अधिकार राजाला होता, कारण फी माफ करून शाळा दारात आणून देण्याचे काम त्याने आधी आपल्या शिरावर घेतले होते. फुले यांचे सूत्र येथे राज्यकारभारात उतरलेले दिसते.

कर्मवीरांची रीत

कोल्हापूरच्या याच वातावरणात वाढलेल्या एका जैन तरुणाने शाळेच्या नेतृत्वाचा अर्थच विस्तारला. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील हे ते तरुण होत. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या पिढीने वसतिगृहांची जी चळवळ उभारली, तिची फळे त्यांनी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून पाहिली होती. समाजाने आपल्या मुलांसाठी जे केले, ते सर्व जातींच्या मुलांसाठी करावे, हा त्यांचा पुढचा टप्पा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती त्यागाची कथा आहे, यात शंका नाही. पण ती उत्तरदायित्वाचीही कथा आहे. वसतिगृहात धान्य संपले तर त्याचे उत्तर सरकारने किंवा देणगीदाराने द्यावे, असे त्या घराने मानले नाही.

संस्थेच्या वाढीचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक-प्रशिक्षण विद्यालय निघाले, जे पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यानंतर, १९३८ पासून, खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा सुरू होऊ लागल्या आणि त्यांची संख्या ५७८ पर्यंत पोहोचली. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. आधी शिक्षक तयार केला, मग त्याच्या हाती शाळा दिली आणि मग त्याच्याकडून कामाची अपेक्षा धरली. ज्या गावात शाळा निघे, त्या गावाचाही तिच्यात वाटा असे. जागा, धान्य व श्रम ज्यांनी दिले, ती माणसे शाळेच्या पायरीवर येऊन गुरुजींना प्रश्न विचारू शकत होती. कागदावर नसलेली, पण अत्यंत परिणामकारक अशी ही तपासणी होती.

या नात्याची कसोटी १९४८ मध्ये लागली. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी केलेल्या टीकेमुळे तत्कालीन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. त्या काळात संस्था तगली, कारण सामान्य रयतेने धान्य व पैसा उभा केला. पुढे संत गाडगे महाराजांनी बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली व अनुदान पुन्हा सुरू झाले. जी शाळा वर्षानुवर्षे आपल्या लोकांना उत्तर देत आली, तिच्या पाठीशी लोक अडचणीच्या वेळी उभे राहतात. जी केवळ कचेरीला उत्तर देते, तिचे दार कचेरीने लावले की बंद होते. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले. ही शिकवण मात्र मागे राहिली.

नियमांचे युग

स्वातंत्र्यानंतर शाळांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्याबरोबर नियमांचीही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांविषयी केलेल्या दोन शिफारशी आजच्या विश्वस्तांनी मुद्दाम वाचाव्यात अशा आहेत. पहिली ही, की व्यवस्थापक मंडळात मुख्याध्यापक पदसिद्ध सभासद असावा. दुसरी ही, की मंडळाच्या कोणत्याही सभासदाने शाळेच्या अंतर्गत कारभारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष ढवळाढवळ करू नये. निरीक्षकाने दोष शोधणारा अंमलदार न होता शाळेच्या अडचणी समजून घेणारा सल्लागार व्हावे, असेही आयोगाने म्हटले.

ढवळाढवळ थांबली नाही, हे मान्य केले पाहिजे. अनेक खासगी शाळांतून शिक्षकांची नोकरी चालकांच्या मर्जीवर अवलंबून राहिली. त्यावर उपाय म्हणून १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम व १९८१ ची नियमावली आली. शिक्षकाला मनमानी बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येऊ लागली. हे फार मोठे काम झाले. त्याचबरोबर मुख्याध्यापकाचे पद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने द्यावयाचे ठरले. ज्येष्ठतेने पक्षपात टळतो, हे खरे. परंतु उत्तम वर्गशिक्षक हा आपोआप उत्तम मुख्याध्यापक होतो, असे नाही. त्यासाठी वेगळी तयारी लागते, आणि ती करून देण्याची जबाबदारी नियमावलीने कोणावरही टाकली नाही. परिणामी, सेवानिवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असता खुर्ची हाती येते आणि तो काळ वेतनदेयके, संचमान्यता व माहितीचे तक्ते भरण्यात निघून जातो, असे चित्र अनेक शाळांत दिसते. अधिकार थोडे, कागद पुष्कळ आणि दोष मात्र सगळा, अशी आजच्या मुख्याध्यापकाची अवस्था झाली आहे.

हक्काचा कायदा आणि आपली विशेष जबाबदारी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. काले आणि साताऱ्याच्या परिसरात जे लोकव्यवहारातून घडले होते, ते आता कायद्याच्या भाषेत उतरले. याच कायद्याने आठवीपर्यंत मुलाला अनुत्तीर्ण न करण्याचे धोरण आणले. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना त्यात बदलाची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद केली. या निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा येथे करावयाची नाही. एवढेच म्हणावेसे वाटते, की मूल अनुत्तीर्ण झाले म्हणजे हिशेब पुरा झाला, असे समजणे म्हणजे सर्वांत लहान खांद्यावर सर्वांत मोठा भार टाकणे होय. ते मूल पाच वर्षे शाळेत होते. त्या पाच वर्षांत कोणाच्या लक्षात काहीच कसे आले नाही, हा खरा प्रश्न आहे.

जैन समाजाच्या संस्थांपुढे हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात उभा आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. संविधानाच्या अनुच्छेद ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार आहे. अशा शाळेला आपला मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक १९७७ च्या अधिनियमातही ठेवलेली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित अल्पसंख्याक शाळांतील व्यवस्थापन समिती केवळ सल्लागार ठरली. आणि ६ मे २०१४ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातूनच वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले.

कायद्याचा अंतिम निकाल काहीही लागो. आपल्यापुरते एवढे उघड आहे, की ज्या शाळेवर बाहेरचा अंकुश कमी, तिला आतला अंकुश अधिक लागतो. कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणी दिला होता. मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक नातेगोते पाहण्यासाठी वापरली, तर ती सवलत शाप ठरेल. योग्य व्यक्ती पारखून आणण्यासाठी वापरली, तर तीच शाळेचे भाग्य पालटू शकेल.

दुसरी वही

इतिहासाचा हा मागोवा घेतल्यावर काही गोष्टी हाती लागतात. त्या आपल्या विश्वस्त मंडळाच्या व सर्व समाजबांधवांच्या विचारार्थ नम्रपणे मांडत आहे.

पहिली गोष्ट : वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर शिक्षणाचा हिशेबही वाचला जावा. किती मुले दाखल झाली, किती मधूनच गेली व का गेली, प्रत्येक इयत्तेत किती मुलांना सहज वाचता येते, एवढी माहिती पुरे. शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांची छायाचित्रे छापण्याआधी मागे राहिलेल्यांची संख्या छापावी.

दुसरी : मुख्याध्यापकाला व्यवस्थापनात सन्मानाचे स्थान व शाळेच्या आत निर्णयाचे स्वातंत्र्य असावे. प्रवेश, वेळापत्रक, वर्गवाटप यांत विश्वस्तांची चिठ्ठी जाऊ नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा धरली आहे. त्याचा खर्च व सवड न्यासाने द्यावी, आणि पद मिळण्याच्या आधीच द्यावी.

तिसरी : तपासणी व्हावी, वर्षातून एकदा समारंभपूर्वक नव्हे, तर वरचेवर, साधेपणाने व मदतीच्या भावनेने. फुले यांच्या मुलींच्या शाळांच्या परीक्षा १८५० च्या दशकात पुण्यात जाहीरपणे घेतल्या जात व त्या पाहण्यास नागरिक जमत. वर्षातून एक दिवस आपल्या शाळेचे वर्गही पालकांसाठी असे उघडे ठेवता येतील.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : जाब विचारणाऱ्याने आधी आपला जाब द्यावा. ग्रंथालयासाठी पैसे दिले नाहीत, रिकामी जागा भरली नाही, छप्पर गळत राहिले, आणि निकाल कमी लागला म्हणून मुख्याध्यापकांना बोलावून घेतले, तर त्याला उत्तरदायित्व म्हणता येणार नाही. तो नुसता अधिकाराचा वापर झाला.

'विश्वस्त' या शब्दात 'विश्वास' आहे. देणगीदाराने पैसा विश्वासाने दिला. त्याची एक वही पन्नास वर्षे आपण चोख ठेवली, याचा सर्वांना अभिमान आहे. पालकांनी मूलही त्याच विश्वासाने आपल्या हाती दिले आहे. ही दुसरी वही या सुवर्णमहोत्सवी वर्षात उघडली जावी व तिच्या पहिल्या पानावर विश्वस्तांनी स्वतःच्या सहीने हिशेब मांडावा, अशी विनंती करून लेख पुरा करतो.